भिंतीपलीकडची थोरली

मला सवत आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे. ती लोखंडाची होती, आणि आमच्या उशापलीकडच्या भिंतीआड रात्रंदिवस घुमत असायची. पंपहाउसमध्ये दोन पंप. धाकटी अधूनमधून चालायची. थोरलीला मात्र उसंत नव्हती, कारण ती थांबली की गावाचे नळ कोरडे. आमचे हे तिथले पंप ऑपरेटर. क्वार्टर पंपहाउसलाच चिकटून बांधलेलं, म्हणजे ऑपरेटर कायम हाताशी. ज्याने तो नकाशा काढला त्याला एक महिना त्या खोलीत झोपवायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

थोरलीचा आवाज म्हणजे काही कानठळ्या बसवणारा नव्हे. पाहुण्यांना तो ऐकूही यायचा नाही. "किती शांत आहे हो तुमच्याकडे!" असं म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं. तो आवाज कानाला नव्हताच, छातीला होता. खालच्या पट्टीतला, जाड, न संपणारा. पाण्याचा मोठा पाइप आमच्याच भिंतीतून बाहेर जायचा आणि आमची लोखंडी खाट त्याच भिंतीला टेकलेली. खोली एवढीशी, की खाट दुसरीकडे सरकवायची म्हटलं तर दार उघडायचं नाही. स्टुलावरच्या पेल्यातलं पाणी कधी स्थिर नसायचं. खाटेच्या दांडीवर हात ठेवला तर तळव्याला मुंग्या यायच्या. मी रात्रभर कूस बदलत पडायचे, छाती धडधडायची, आणि शेजारी हे डाराडूर.

"झोप लागते तरी कशी तुम्हाला?" मी सकाळी विचारायचे.

"थोरली अंगाई म्हणते ना."

असं म्हणून मान चोळत बसायचे. उठल्यावर ह्यांची मान आणि डोक्याची मागची बाजू ठणकायची. बाम लावून झाला, उशी बदलून झाली. अलीकडे पंपाच्या खड्ड्यातून चार पायऱ्या चढून आले तरी दम लागायचा. त्याचं खापर आम्ही वयावर फोडलं आणि मोकळे झालो.

ह्यांच्याकडे एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचं. आतलं बेअरिंग कुरकुरायला लागलं तर ते ह्यांना असं आधीच कळायचं.

"तिची एवढी नाडी बघता," मी म्हणायचे, "एकदा माझ्या छातीला लावा की ते. आत काय चाललंय ते कळेल."

"तुझी कुरकुर मला लांबूनही ऐकू येते," हे म्हणायचे.

असा माणूस. चिडून चिडायचं तरी किती?

मी तक्रार केली तेव्हा ऑफिसातून एक साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. आकडा मर्यादेत निघाला. "यंत्र माणसाच्या कानाप्रमाणे लावलेलं असतं बाई," ते म्हणाले. "कानाला जे कमी जाणवतं, ते यंत्रही कमी धरतं." म्हणजे जो आवाज मला छळत होता, नेमका तोच त्यांनी हिशेबातून वगळला. चहा पिऊन साहेब गेले. "निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, तेवढी काढू," हे म्हणाले. मला एकच हवं होतं, आम्ही दोघांनी त्या भिंतीपासून दूर जायचं. दोघांनी.

शेवटी धडधड फारच वाढली तेव्हा हे स्वतः मला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि कमरेला एक डबी अडकवली. एक दिवस आणि एक रात्र तो पट्टा थोड्या थोड्या वेळाने आपोआप फुगणार, दंड आवळणार आणि रक्तदाब मोजून ठेवणार. मला वाटलं, आधीच झोप नाही, त्यात हे लोढणं. पण काय नवल, त्या रात्री मला कधी नव्हे ती गाढ झोप लागली. सकाळी उठले तर पट्टा दंडावर जागच्या जागी होता आणि हे चहा टाकत होते.

डॉक्टरीणबाईंनी सगळे आकडे बघितले आणि चष्मा काढला.

"दिवसा सगळं ठीक आहे. पण झोपेत रक्तदाब उतरायला हवा. तुमचा चढतोय, आणि फारच चढतोय."

मी त्यांना थोरलीचं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हीच मला मोठी गोष्ट वाटली. "झोप लागली म्हणजे त्रास नाही, असं नसतं," त्या म्हणाल्या. "कान झोपतात, पण असा घुमणारा आवाज अंगात शिरत राहिला तर शरीर जागं राहतं. नसा आवळतात, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. सगळा दोष त्या आवाजाचाच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या भिंतीपाशी झोपणं ताबडतोब बंद करा. हे आकडे थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत." आणि त्यांनी रात्रीच्या गोळ्या लिहून दिल्या.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला खरं ठरवलं होतं. "ऐकलंत ना?" मी ह्यांना म्हटलं. ह्यांचा चेहरा पार उतरला होता. मला वाटलं, वादात हरले म्हणून. "ताईकडे जा तू, लगेच जा," एवढंच म्हणाले. तुम्हीही चला म्हटलं तर ड्यूटीचं कारण पुढे केलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं घर दुसऱ्या गावात, मोकळ्या वस्तीत. तिथे मला झोप लागू लागली, धडधडही थांबली. पण गोळ्या घेतल्यापासून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका सकाळी मी न्हाणीघरात कोसळले. भाऊजींनी मला जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्तदाब दोनदा तपासला.

"फारच खाली गेलाय. तुम्हाला या गोळ्या दिल्या कुणी? तुमचा रक्तदाब वाढलेला वाटतच नाही."

त्यांनी गोळ्या बंद केल्या. संध्याकाळी मी ह्यांना फोन केला. मी कशी पडले ते सांगितलं.

"अगं, एक सांगतो, चिडू नकोस," हे म्हणाले. "त्या रात्री ते मशीन माझ्या दंडाला होतं."

"म्हणजे?"

"पट्टा आवळला की तू झोपेत कण्हत होतीस. माझ्याच्याने बघवेना. काढून माझ्या हाताला बांधलं. म्हटलं, मशीनला काय कळतंय दंड कुणाचा ते. तू उठायच्या आत परत तुला बांधलं."

"मग डॉक्टरीणबाईंसमोर दातखीळ बसली होती का?"

"सांगितलं असतं तर तू ताईकडे गेली असतीस का? त्या निमित्ताने तरी तुझी सुटका झाली. गोळ्या एवढ्या लागतील असं वाटलं नाही गं. चुकलं माझं."

मला आधी गोळ्यांचाच राग आला होता. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. ते आकडे ह्यांचे होते. मान ह्यांची ठणकत होती, दम ह्यांना लागत होता. मी जागी राहून बोंबलत होते, आणि थोरलीने धरलं होतं झोपलेल्याला.

"अहो, आत्ताच्या आत्ता निघा तिथून."

"असं कसं निघू? ड्यूटीवर कोण? लंबू सकाळी येईल, त्याला सगळं सोपवतो आणि डॉक्टरीणबाईंकडे जातो. शप्पथ."

लंबू म्हणजे ह्यांच्या जोडीचा ऑपरेटर, ताडमाड उंच. मी रडकुंडीला आले. "निदान आज त्या खाटेवर झोपू नका. फाटकाजवळच्या खोलीत झोपा. माझ्या गळ्याची आण आहे."

"बरं बाई, तिथे झोपतो. आता तरी हस."

मी हसले नाही. हसायला हवं होतं.

सकाळी पहिल्या गाडीने मी निघाले. पंपहाउसच्या दारात लंबू फडक्याला हात पुसत उभा होता.

"वहिनी, तुम्ही? फोनही केला नाहीत? ते अजून झोपलेत. रात्री फाटकाच्या खोलीत गेले होते म्हणे अंथरूण घेऊन. फाटकावरचा गडी सांगत होता, नुसते तळमळत होते. इथे फार शांत आहे, झोप येत नाही, म्हणून उठून परत गेले. म्हटलं झोपू दे जरा."

मी धावत आत गेले. हे खाटेवर उताणे, तोंड किंचित उघडं, पांघरूण छातीपर्यंत. हाका मारल्या. गालाला हात लावला तर गाल गार. मी बनियनवर छातीच्या मधोमध तळवा दाबला, आणि माझ्या जिवात जीव आला. छाती धडधडत होती. बारीक, पण न चुकता, माझ्या तळव्याला कळत होती.

"लंबू! जिवंत आहेत! गाडी बोलवा, छाती चालू आहे!"

लंबू आला. त्याने ह्यांच्या नाकाशी बोटं धरली, मनगट धरलं. मग माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं, खाटेच्या दांडीकडे बघितलं, आणि भिंतीकडे. मग तो बाहेर गेला.

पलीकडे खटका पडल्याचा आवाज आला. थोरली आधी खालच्या सुरात आली, मग कण्हली, मग थांबली. पेल्यातलं पाणी थांबलं. माझ्या तळव्याखालची धडधडही थांबली.

मी हात तसाच दाबून धरला. त्या खोलीत मी कधीच ऐकली नव्हती अशी शांतता होती, मी जिच्यासाठी इतकी वर्षं भांडले ती.

बऱ्याच वेळाने लंबू दारात येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"वहिनी," तो हलकेच म्हणाला, "टाकी उतरत चाललीय. चालू करावा लागेल."

"थांबा जरा," मी म्हटलं. माझा हात अजून तिथेच होता.