मयुरीच्या चेहऱ्यावरचं ऊन

मित्रांनो, मी एक जुनी लेझर मशीन आहे. माझी उमेदीची वर्षं एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात गेली. तिथे नवी मशीन आली आणि मी जळगावला चेलना डॉक्टरांकडे आले. माझं काम सांगायला सोपं आहे. चेहऱ्यावर खड्डे असले की मी वरची कातडी बारीक ठिपक्यांनी जाळते, मग खालून नवी येते. पुष्कळांचे चेहरे सुधारले. ते आरशात पाहून हसत, तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटे. आता वाटत नाही.

रावेरच्या केळीवाल्या सुकदेव आबांची मुलगी मयुरी मुरुमांचे खोल वण घेऊन आली. तिचा साखरपुडा ठरला होता.

डॉक्टर म्हणाल्या, "सावळ्या कातडीवर बेतानं, थोडं थोडं करू. आणि महिनाभर ऊन नको. काळे डाग पडतात."

मयुरी म्हणाली, "एकदाच जोरात करून टाका मॅडम. दिवस कुठी राह्यले?"

डॉक्टरांनी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांनी माझा जोर वाढवला. मला कोण विचारतं?

पुढचं मयुरीनंच नंतर रडत सांगितलं. त्याच आठवड्यात घरी कानबाई, खानदेशात श्रावणात बसवतात ती देवी, बसली. विसर्जनाला ती स्कार्फ बांधून निघाली, तर कोकिळाकाकू म्हणाली, "देवीसमोर तोंड झाकून चालतात का पोरी? काढ तो. कानबाईच बरं करीन तुले." काकूचा तिच्यावर जीव होता. श्रावण असून त्या दिवशी कडक ऊन पडलं होतं, आणि मयुरी नदीपर्यंत उघड्या तोंडानं नाचत गेली.

चेहऱ्याची आग आग झाली. मग दोन्ही गाल काळे पडले. साखरपुडा पुढे ढकलला, आणि हळूहळू मुलाकडचे फोनच बंद झाले.

माझ्यासमोर बसून ती म्हणाली, "मले नवं काही नको. व्हती तशी करून द्या. खड्डे चालतीन मले."

डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. डाग फिके होतील, पण कधी ते सांगता येत नाही, म्हणाल्या. मयुरीनं दवाखान्याच्या आतच, पंख्याखाली बसून स्कार्फ घट्ट बांधला.

मित्रांनो, माझ्याकडे याल तेव्हा घाईनं येऊ नका. डॉक्टर जे सांगतील ते घरच्या मोठ्यांनाही समजावून सांगा. मला कातडी जाळता येते. मयुरीनं मागितलं ते मला येत नाही.