भुवईवाले किडे

बंदीचा कागद सहीसाठी तयार होता. त्यात लिहिलं होतं की बिझेर्तच्या खाजणातला गळाला लावायचा किडा आता इथला राहिलेला नाही. आमिष म्हणून आशियातून डब्यांत भरून येणाऱ्या परक्या किड्यानं त्याची जागा घेतली आहे, आणि किडे खणणाऱ्या बायका त्याला चिखलभर पसरवत आहेत. गुरुवारी समिती बसणार होती. सही झाली की आमच्या गावातल्या साठ बायकांचं काम त्याच दिवशी संपणार होतं.

त्यांची म्होरकी महजूबामावशी माझ्या आईच्या गल्लीत राहते. समुद्री किड्यांच्या जाती ओळखणं हेच माझं काम, म्हणून ती थेट प्रयोगशाळेत आली.

"सिहेम, एवढंच सांग. माझा किडा परका आहे का?"

"तोंड बघावं लागेल, मावशी."

"कुणाचं? त्या साहेबाचं?"

साहेब म्हणजे सी नुअमान; 'सी' हे आमच्याकडचं 'श्री'. बंदीमागचा अहवाल त्यांनी लिहिला होता.

बाहेरून पाहिलं तर दोन्ही जाती सारख्याच दिसतात. चार डोळे, डोक्याशी लांब मिशांच्या चार जोड्या, प्रत्येक खंडाला दोन्हीकडे वल्ह्यासारखा एकेक पाय. फरक घशात असतो. हा घसा मोजा उलटा करावा तसा बाहेर येतो. टोकाला दोन काळे जबडे, त्यांच्या मागे बारीक गडद दात. आमच्या जातीत जबड्यांच्या मागे, वरच्या अंगाला, डावी-उजवीकडे एकेक आडवी पट्टी असते, अगदी भुवयांसारखी. परक्या जातीत भुवई अखंड नसते. तिच्या जागी तीन-चार तुटक पट्ट्या असतात.

अहवालातले सहा किडे मागवून मी ते पुन्हा तपासले. सहाही परके होते. सी नुअमान यांची ओळख बिनचूक होती. हे सांगितलं तेव्हा मावशी खुर्चीच्या कडेला बसून राहिली.

"म्हणजे संपलं?"

"सहाच किडे आहेत, मावशी. तुम्ही दिवसाला किती काढता?"

"सहा तर माझ्या बुटात निघतील."

मी समितीला पत्र लिहिलं की सह्या करण्याआधी सर्वांसमक्ष बारा किडे काढावेत आणि सर्वांसमक्ष तपासावेत. सी नुअमान यांनी मान्य केलं, एका अटीवर. बाराही जागा ते निवडणार.

गुरुवारी सकाळी ते काठावरून बोट दाखवत गेले आणि मावशी गुडघाभर चिखलात उतरून खणत गेली. किडा निघाला की मी बाटलीवर क्रमांक घालायची आणि वहीत जागा लिहायची. नववी जागा धक्क्याच्या पायऱ्यांशी होती. तिथं चिखल थोडा, उभं राहायला फरशी. तो किडा त्यांनी स्वतः वाकून काढला.

साडेदहाला आम्ही सभागृहात पोचलो. सूक्ष्मदर्शकातलं चित्र भिंतीवरच्या पडद्यावर दिसेल अशी सोय मी केली होती. मागच्या बाकांवर बायका बसल्या होत्या, चिखलाच्या बुटांसकट. समितीच्या अध्यक्ष मादाम विदाद यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"मला बाराला निघायचंय."

आमच्याकडे घसा बघायचा म्हणजे किडा भूल देऊन, पोटाकडून चिरून उघडायचा. एकाला वीस मिनिटं लागतात. बारा किड्यांना चार तास लागणार होते आणि हातात दीडच तास होता. घाईत पहिला किडा चिरताना सुरी सरकली, घसाच फाटला आणि तो किडा बाद झाला.

"असेच फाडणार असाल तर बारा कशाला, बाराशे आणू," सी नुअमान म्हणाले.

मावशी उठून माझ्या टेबलापाशी आली.

"अगं, चिरतेस कशाला? दाबायचा."

"काय?"

"जिवंत आहेत ना? सरक."

तिनं दुसऱ्या बाटलीतला किडा घेतला, डोक्यामागे चिमटीत धरला आणि अंगठा हलकेच पुढे नेला. किड्यानं घसा बाहेर टाकला, पूर्ण, जबडे फाकवून. गिऱ्हाइकाला किडा ताजा आहे हे दाखवायला ती रोज असंच करते म्हणे. मी बारा वर्षं किडे चिरते आहे.

"हात हलवू नको, मावशी."

"माझा हात हललाय कधी?"

पडद्यावर हाताएवढा घसा उमटला. डावीकडे एक पट्टी, उजवीकडे एक.

"भुवया!" मागून कुणीतरी ओरडलं.

तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. प्रत्येकाला भुवया. प्रत्येक वेळी बायका आकडा मोठ्यानं म्हणायला लागल्या. मादाम विदाद खुर्ची पुढे ओढून बसल्या.

नवव्या किड्यानं घसा टाकला आणि आकडा कुणी म्हटला नाही. डावीकडे चार तुटक पट्ट्या होत्या, उजवीकडे तीन.

"परका," मी म्हटलं. दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"हेच तर मी लिहिलंय!" सी नुअमान उभे राहिले.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीचं पान काढलं. नऊ: धक्क्याच्या पायऱ्या.

"सी नुअमान, अहवालातले सहा किडे कुठून घेतले होते?"

"खाजणातून."

"खाजणात कुठून?"

त्यांनी फाईल चाळली. एक पान पुन्हा मागे उलटलं. "पायऱ्यांपाशी," ते म्हणाले. "सहाही तिथलेच."

"तिथं आम्ही खणतच नाही!" मावशी म्हणाली. "रविवारचे गळवाले घरी जाताना उरलेलं डब्यातलं आमिष तिथंच ओततात. तुम्ही त्यांचा कचरा मोजलात, साहेब, आणि माप आमच्या पदरात घातलंत!"

सभागृह हसलं. सी नुअमान हसले नाहीत. पण त्यांनी फाईल मिटली आणि स्वतः दहावी बाटली झाकण उघडून मावशीच्या हातात दिली. "दाखवा."

दहा. अकरा. बारा. तिन्हींना भुवया. घड्याळात बाराला पाच मिनिटं कमी होती.

मादाम विदाद यांनी बंदीचा कागद आडवा फाडला. "म्हणजे परका पायऱ्यांशी आहे, अजून आत आलेला नाही. तो तिथंच संपवायचा तर रोज किड्यांची तोंडं बघणारं माणूस हवं. डॉक्टर सिहेम, तुम्ही एकट्या किती बघाल?"

"दिवसाला वीस."

"मी दोनशे," मावशी म्हणाली. "आणि आम्ही साठ जणी आहोत."

नवा कागद तिथंच लिहिला गेला. धक्क्यावर आमिष ओतायला मनाई. खाजणातली खणाई चालू. तपासणीचं काम खणणाऱ्या बायकांकडे. जातीची खूण काय लिहायची, असं लेखनिकानं विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तोच मावशी त्याच्या खांद्यावरून वाकली.

"लिही. भुवई अखंड, तो आमचा."

मी त्यात एक शब्दही बदलला नाही. सही झाली आणि मागच्या बाकांवरून पहिली झगरूत उठली, आनंदात जीभ हलवत काढायची ती लांब किलकारी, मग दुसरी, मग साठ जणींची एकदम, इतकी की टेबलावरच्या बाटल्यांतलं पाणी थरथरलं.