ठराव, अनुमोदन आणि वॉल्टर

मार्लीन ह्रिंचुक आपल्या गावच्या कर्लिंग क्लबची, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळाच्या क्लबची, अध्यक्ष झाली, ती सभेला गेली नाही म्हणून. त्या दिवशी ती दाढ काढायला सास्काटून शहरात गेली होती, आणि मंडळींनी गैरहजर बाईच्या गळ्यात हे लोढणं बांधून टाकलं.

क्लबच्या सभा म्हणजे नुसता कल्ला. सगळे एकदम बोलायचे, म्हातारा क्लिफर्ड सगळ्यांवर आवाज चढवायचा, आणि कॉफी संपली की निर्णय न होताच लोक घरी जायचे. मार्लीनने आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. गोंगाटाची तिला सवय होती. पण बसमध्ये निदान ब्रेक तरी दाबता यायचा. तिने वाचनालयातून सभेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि नवऱ्यावर प्रयोग सुरू केले.

"आज बटाटा भरलेले पिरोगी करूया," वॉल्टर म्हणाला.

"असं नाही. ठराव मांड."

"बरं बाई. मी ठराव मांडतो की आज पिरोगी करावेत."

"अनुमोदन कोणाचं?"

"घरात दोघंच आहोत. तूच दे की!"

"मी अध्यक्ष आहे. अनुमोदन नाही, ठराव बारगळला. अंडी खा."

हसतहसत नियम डोक्यात उतरत गेले. एका वेळी एकच विषय. बोलायचं ते अध्यक्षाकडे बघून. जो अजून बोललेला नाही, त्याला आधी संधी. तिला जड गेला तो एकच नियम: अध्यक्षाने स्वतः वादात पडायचं नाही.

जानेवारीत शेजारच्या डनब्रुक गावाच्या रिंकचं, म्हणजे खेळाच्या बंदिस्त मैदानाचं, छप्पर बर्फाच्या भाराने कोसळलं. कुणाला लागलं नाही, पण त्यांचा खेळ बंद पडला. त्यांना आपल्या रिंकवर खेळू द्यावं का, हे ठरवायला सभा भरली. मार्लीनच्या मनात ठाम 'नाही' होतं. डनब्रुकवाल्यांनी एकदा भर सामन्यात तिच्या वडिलांना लबाड म्हटलं होतं.

"खेळू द्यावं!" क्लिफर्ड गरजला. "माझी पोरगी त्याच गावात दिलीय!"

"हा ठराव समजू का, क्लिफर्ड?"

"समज!"

अनुमोदन मिळालं. मग वॉल्टर विरोधात उभा राहिला, आणि सासऱ्यांचा तो सामना पहिल्या दगडापासून सांगू लागला. मार्लीनला एकेक शब्द पटत होता. तरी तिने टेबलावर हात आपटला.

"वॉल्टर, वेळ संपली. खाली बस."

"अगं, मी तुझीच बाजू मांडतोय!"

"इथे मला बाजू नाही. बस."

सभागृहात हशा पिकला. वॉल्टर कान लाल करून बसला.

"अजून कोण बोललं नाही?"

मागच्या रांगेतून अगाथा फ्रीसनचा हात हळूच वर आला. आजवर कुठल्याही सभेत तिने तोंड उघडलं नव्हतं.

"अध्यक्षबाई, गेल्या वर्षी चौथा गडी मिळेना म्हणून आपण कितीतरी सामने सोडून दिले. मी ठरावाला दुरुस्ती सुचवते. त्यांना येऊ द्या, पण संघ दोन्ही गावांचे मिसळून करा."

दुरुस्ती मंजूर झाली. मग मूळ ठरावावर हात वर झाले. मार्लीनने दोनदा मोजले. बरोबरी.

बरोबरी झाली की ठराव पडतो. अध्यक्षाला मत देता येतं, पण तिने ते द्यायलाच हवं असं नाही. नुसतं गप्प बसलं असतं तरी तिचं काम झालं असतं. पण वाद घालायची सोय नसल्यामुळे तिने आज पहिल्यांदाच सगळ्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं होतं. गडी नाहीत म्हणून रिकामी पडलेली बर्फाची पट्टी तिला डोळ्यांपुढे दिसली.

"अध्यक्षांचं मत ठरावाच्या बाजूने," ती म्हणाली. "ठराव मंजूर."

वॉल्टरने कपाळाला हात लावला. क्लिफर्ड टाळ्या पिटत सुटला.

शनिवारी डनब्रुकच्या गाड्या आल्या. मार्लीनच्या संघात त्यांचा एक खाटीक आला. त्याचा पहिलाच दगड भिंतीवर जाऊन आदळला, आणि मार्लीन इतकी हसली की दगडापुढचा बर्फ घासायचा झाडू हातातून सुटून बर्फावरून घसरत गेला.