परीक्षितला कधी कळलं

दोन मुलं पुरे झाली म्हणून परीक्षितने परदेशात, ते राहत त्या कनाटा गावातल्या एका क्लिनिकमध्ये नसबंदी करून घेतली. नंतरच्या तपासणीचा रिपोर्टही आला, आता मूल होणं शक्य नाही. आणि ऐन हिवाळ्यात अनुयाला दिवस गेले.

तिने सांगितलं तेव्हा तो बूट चढवून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसायला निघाला होता. "बरं," एवढंच म्हणाला, तिला चहा करून दिला आणि बाहेर गेला. झालं, त्या एका 'बरं'ने बाईची झोप उडवली. याला आपला संशय आला असेल का? विचारायची हिंमत काही होईना. अवंतिका जन्मली, रांगायला लागली, तेव्हा कुठे क्लिनिकने कबूल केलं की परीक्षितच्या नावावर भलत्याच कुणाचा रिपोर्ट चढला होता. तेव्हाही हा पठ्ठ्या गप्पच.

तीन पोरांच्या धबडग्यात दावा लावायला आणखी वर्ष उलटलं. इथला कायदा असा, की चूक कळल्यापासून दोन वर्षांच्या आत कोर्टात जायचं. क्लिनिकच्या कबुलीपासून मोजलं तर दावा वेळेत होता, अनुयाला दिवस गेले तिथपासून मोजलं तर मुदत टळली होती. त्यांच्या वकीलबाईंनी हे आधीच समजावलं होतं, आणि खरं तेच सांगा म्हणून बजावलंही होतं.

परीक्षितची शपथेवर जबानी सुरू झाली. चूक क्लिनिकची आहे हे तुम्हाला नेमकं कधी कळलं, असं क्लिनिकच्या वकिलाने विचारलं.

अनुयाने मान खाली घातली. आधी बायकोचाच संशय आला, एवढं म्हटलं की दावा तरत होता. आणि तेच खरं असणार, अशी तिची खात्री होती.

"बायकोने सांगितलं त्याच क्षणी," परीक्षित इंग्रजीत, पण अस्सल पुणेरी ठसक्यात म्हणाला. "चुकणारे दोघंच होते. ती किंवा क्लिनिक. ती चुकलेली नव्हती."

वकीलबाईंनी डोळे मिटले. क्लिनिकच्या वकिलाला हवं तेच उत्तर मिळालं होतं. अनुयाने झटकन मान वर करून परीक्षितकडे पाहिलं. याच्या जागी आपण असतो तर संशय घेतलाच असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एवढा मोठा विश्वास इतकी वर्षं आपल्याच सोफ्यावर घोरत पडला होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.

दावा गेल्यातच जमा होता. पार्किंगमध्ये तिला राहवेना.

"थोडासा डाउट आला होता, एवढं तरी म्हणायचं होतंस. केस वाचली असती."

तो खिशात किल्ली चाचपत होता.

"अगं, पण आलाच नाही ना."