लंगडणं पटलं नाही

लिफ्टवाल्याला अपंगत्वाचा भत्ता मिळायचा, आणि जोवर तो अंथरुणाला खिळून होता तोवर त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. लिफ्ट दुरुस्त करता करता तो तिच्याच खड्ड्यात पडला, मणका गेला, नोकरी गेली. इतकं सगळं गेल्यावर थोडा भत्ता आला, तर लोक मोठ्या मनाने येऊ देतात. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कॅशिअरकाका तर रोज सकाळी आपलं वर्तमानपत्र वाचून झालं की वर आणून देत, उशाशी बसत, "भोग आहेत बाबा, दुसरं काय" म्हणून सुस्कारा सोडत आणि ताजेतवाने होऊन घरी जात. दुसऱ्याच्या दुखण्यावर काही माणसांची तब्येत फार छान राहते.

बिघडलं कुठे, तर लिफ्टवाला उठून बसायला लागला. बरा नव्हता झाला, नुसता उठून बसायला लागला. दुखणं होतंच, पण ते भाडेकरूसारखं कधी डाव्या पायात राहायला जाई, कधी उजव्या, आणि घर बदलताना मालकाला विचारत नसे. थोडा वेळ उभं राहिलं तर पुढचे काही दिवस आडवं पडून त्याची भरपाई करावी लागे. हे त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं. बाकीच्यांना फक्त उभा राहिलेला दिसायचा. कॅशिअरकाकांचं वर्तमानपत्र त्याच आठवड्यात बंद झालं.

मागच्या गल्लीतल्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी हौशी नाटकमंडळाची तालीम चालायची. लिफ्टवाला तिथे प्रॉम्प्टर झाला. फुकट काम, शिवाय आडवं पडून करण्यासारखं. विंगेत त्याच्यासाठी एक गादी टाकलेली असे, तिच्यावर पडून तो कोण काय विसरला ते हळूच सांगायचा. मंडळातले लोक इतकं विसरत की त्याला क्षणाची उसंत नसे. सहा दिवस ज्या माणसाला छताशिवाय काही दिसत नव्हतं, तो गुरुवारी हसून हसून डोळे पुसत घरी येई. शुक्रवारी तो उठत नसे, पण शुक्रवार त्याने स्वखुशीने देऊन टाकला होता.

मग प्रयोगाच्या दिवशीच घरमालकाचं काम करणाऱ्याचा घसा बसला. घरमालक म्हातारा, खडूस आणि पायाने अधू. संवाद सगळे पाठ असलेला माणूस एकच, तो विंगेत गादीवर. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथे तर गाय खरोखरच लंगडी होती. लिफ्टवाला काठी घेऊन स्टेजवर गेला, भाडेकरूंना यथेच्छ झापलं, टाळ्या घेतल्या, विंगेत आला आणि गादीवर जो कोसळला, त्याला दोघांनी उचलून घरी नेलं. पुढचे चार दिवस बायकोने त्याला कुशीवर वळवलं. ते बघायला अर्थातच तिकीट लावलेलं नव्हतं.

पहिल्या रांगेत कॅशिअरकाका होते. सोसायटीच्या पत्रिकेत नाटकांचं परीक्षण तेच लिहीत, कारण दुसरं कुणी लिहीत नसे. त्यांनी लिहिलं, "घरमालकाचा आवाज दमदार, परंतु लंगडणे मुळीच पटले नाही. पात्र कधी डाव्या पायाने लंगडते, कधी उजव्या. नटाने थोडा अभ्यास करायला हवा होता."

एवढ्यावर थांबते तर ते कॅशिअर कसले. परीक्षणाचं कात्रण काढून त्यांनी ते एका तक्रारीसोबत भत्त्याच्या खात्याला पाठवलं. लपवलंही नाही. जिन्यात लिफ्टवाल्याची बायको भेटली तेव्हा शांतपणे म्हणाले, की वैयक्तिक आकस काही नाही, पण आपण आयुष्यभर कर भरला तो दुसऱ्याने टाळ्या खाव्यात म्हणून नव्हे. आजारी माणसाने आजारी असावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

खात्याचं बोलावणं आलं तसं घराचं धाबं दणाणलं. बायको औषधांच्या दुकानात काउंटरला उभी राहायची, त्या पगारात खाणंपिणं आणि औषधं निघत. घरभाडं भत्त्यातून जाई. भत्ता गेला तर मेहुण्याच्या मागच्या खोलीत जाऊन राहावं लागलं असतं, जिथे सध्या त्याच्या जुन्या टायरांचा संसार होता. त्यामुळे मेहुणा सगळ्यांत जास्त घाबरला आणि त्याने सूत्रं हाती घेतली. भावोजींनी दाढी करायची नाही, केस विंचरायचे नाहीत, कसे आहात विचारलं तर "चाललंय" एवढंच म्हणायचं, आणि दात तर अजिबात दिसता कामा नयेत. गुरुवारचं विचारलं तर सोडलं म्हणून सांगायचं. मुख्य म्हणजे पाय एकच ठरवून टाकायचा. दोन दोन पाय कोण मान्य करणार?

पाय पक्का करायला मेहुण्याने कुणाला आणावं, तर नाटकमंडळाच्या दिग्दर्शकाला. हा गृहस्थ दिवसा विमा विकायचा, त्यामुळे समोरच्याला आपल्या अंगात काय काय बिघडू शकतं हे पटवून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने पलंग भिंतीला सरकवला आणि लिफ्टवाल्याला दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं. डावा पाय नक्की झाला, कारण साहेबाच्या टेबलाकडून डावा चांगला दिसतो.

"पाय कुठे दुखतोय ते दाखवू नका," दिग्दर्शक म्हणाला. "का दुखतोय ते दाखवा."

"खड्ड्यात पडलो म्हणून दुखतोय."

"ते झालं बाहेरचं कारण. आत काय आहे?"

आत स्क्रू होते, तसं लिफ्टवाल्याने सांगितलं. स्वयंपाकघरात बायकोला हसू आवरेना. पण चौथ्या फेरीला तो खिडकीच्या गजाला धरून थांबला, चेहरा पांढराफटक पडला, आणि दिग्दर्शक "हे ठेवा, हे फार छान आहे" म्हणाला, तेव्हा तिने बाहेर येऊन तालीम बंद केली. खऱ्या लंगड्याला लंगडायला शिकवताना त्याचा जीव जायची वेळ आली होती.

खात्यातल्या बाकावर तिघं बराच वेळ बसले. बाक लाकडी होता आणि लोखंडाचा असता तर बरा, असं वाटायला लावणारा होता. मग आत बोलावलं. लिफ्टवाला दारातून खुर्चीपर्यंत असा काही लंगडला, की साहेबांनी चष्मा काढून पाहिलं. डावा पाय, फक्त डावा, जराही चूक नाही. शेजारी बसलेल्या सर्दी झालेल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासणीच्या पलंगावर घेतलं, पाय उचलून पाहिले, पाठीवर बोटं दाबली, काय काय लिहिलं. "आता उठा" म्हणाल्या.

बाकावर बसून बसून दुखण्याने एव्हाना घर बदललं होतं. लिफ्टवाला उठला आणि उजव्या पायाने लंगडत खुर्चीकडे आला.

"येताना डावा होता," साहेब म्हणाले. त्यांच्यासमोर पत्रिकेचं कात्रण होतंच.

मेहुण्याने डोळे मिटून घेतले. लिफ्टवाल्याने दोन्ही पायांकडे आळीपाळीने पाहिलं. थापा मारायला त्याची हरकत नव्हती, पण आता कुठल्या पायाबद्दल मारायच्या ते सुचेना.

"आज उजवा आहे, साहेब. डावा मला शिकवलाय."

"म्हणजे तुम्ही सोंग केलंत?"

"हो. स्टेजवर खराखुरा लंगडत होतो, ते त्या काकांना पटलं नाही. म्हणून अभिनय इथे केला."

डॉक्टरीणबाईंनी रुमाल नाकाला लावला, तो काही वेळ तसाच ठेवला. मग विचारलं, की हॉलवरून आल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं. लिफ्टवाल्याने शुक्रवार सांगितला. प्रयोगानंतरचे चार दिवसही सांगितले. त्यातलं उचलण्या-वळवण्याचं त्याला सांगवेना, ते बायकोने सांगितलं.

साहेब वाईट नव्हते, त्यांना फक्त काम उरकायचं होतं. त्यांनी समजुतीने सांगितलं, की दुखणं खात्याला मान्य आहे, अडचण करमणुकीची आहे. लोकांना ते दिसतं, लोक लिहितात, मग खुलासे करत बसावं लागतं. तर लिफ्टवाल्याने यापुढे नाटक वगैरेत भाग घेणार नाही असं लिहून द्यावं, विषय इथेच संपेल. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, वर पेनही ठेवलं.

मेहुण्याच्या डोळ्यांसमोरून टायर हलेनात, त्याने भावोजींच्या पाठीत बोट खुपसलं. लिफ्टवाल्याने पेन उचललं. गुरुवार काही मोठी गोष्ट नाही, असं तो स्वतःला सांगत होता. विसरभोळ्या लोकांना ओळी सांगायच्या, त्यात काय. छत तर घरी आहेच. आणि हे मनात म्हणताना त्याला रडू यायला लागलं, जे दिग्दर्शकाने एवढी तालीम घेऊनही तेव्हा आलं नव्हतं.

बायकोने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"हे सही करणार नाहीत," ती म्हणाली. "गुरुवारीसुद्धा हे घरीच राहिले ना साहेब, तर तुमच्या खात्याला मलाही भत्ता सुरू करावा लागेल."

डॉक्टरीणबाईंना आता रुमाल पुरेना. साहेबांनी कागद मागे घेतला आणि कळवतो म्हणाले. घरी येताना मेहुण्याने मागची खोली किती दमट आहे ते दोनदा सांगितलं.

भत्ता चालू राहिला. आदेशात खाली शेरा होता, "लाभार्थी आनंदी आढळला. दर सहा महिन्यांनी फेरतपासणी करावी." आतापर्यंत ती तीन वर्षांनी एकदा होत असे. दुःखी माणसावर खात्याचा विश्वास असतो, आनंदी माणसावर नजर ठेवावी लागते.

त्या गुरुवारी बायको त्याला हॉलवर सोडायला गेली आणि तिथेच बसली. नवीन नाटकाची तालीम होती. नायक प्रेमपत्र वाचता वाचता अडला, लिफ्टवाल्याने गादीवरून शब्द पुरवला, नायकाला तो भलताच ऐकू आला आणि नायिकेला त्याने वाणसामानाची आठवण करून दिली. सगळा हॉल खदाखदा हसला. लिफ्टवाल्याच्याही ओठांवर हसू आलं, पण ते तोंडाबाहेर पडायच्या आत त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग तो हसला.

बायकोने ते पाहिलं. हसण्याआधी तो असा बघेल, हे त्या साहेबाला कुठल्या कागदावर लिहून घ्यावं लागलं नव्हतं.