फाडलेली तिकिटं

आग लागो माझ्या या हाताला! सकाळी उजळणी करावी म्हणून पिशवीत हात घातला, तर पिशवी रिकामी. आणि अकरा वाजता लाँड्रीच्या मालकीणबाई इंग्रजीची परीक्षा घेणार होत्या.

लाँड्रीत मी वाफेच्या इस्त्रीवर असते. डॉक्टरांनी बजावलंय, वाफेतून बाहेर पडा, नाहीतर दमा जीव घेईल. बाहेर म्हणजे काउंटर, आणि काउंटरला इंग्रजी लागतं, म्हणून इंग्रजीचा वर्ग लावला. शिकवणारे मास्तर हिंदीवाले, वर्गातल्या बायका हिंदीवाल्या, मराठी मी एकटीच. चाळीस शब्द दिले, एकेकाचे तीन-तीन अर्थ, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. मी लाँड्रीच्या कोऱ्या तिकिटांवर एकेक अर्थ हिंदीतच उतरवून घेतला होता.

"आई, माझी तिकिटं कुठायत हो?" मी सासूबाईंना विचारलं.

"तूच फाडलीस की! एक पाठ झालं की टर्रकन फाडून कचऱ्याच्या बादलीत."

खरंच की. कपड्याला इस्त्री झाली की त्याचं तिकीट फाडायचं, नऊ वर्षांची सवय! असं वाटलं, स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्यात. जोडत बसायला वेळ नव्हता. धावतपळत गेले.

मालकीणबाईंनी नेमकं 'स्प्रिंग' विचारलं. वसंत ऋतू सांगितला, गादीतली तार सांगितली, तिसऱ्याला त त प प. शेवटी खरं ते सांगून टाकलं, पाठ झालं म्हणून तिकीट फाडलं.

"आत इस्त्री झाली की फाडता, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "काउंटरवर कपडा गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत तिकीट जपावं लागतं. महिन्याने या."

अजून एक महिना वाफेत! इतका राग आला स्वतःचा, की काय सांगू. दिवसभर खोकत, धुसफुसत इस्त्री ओढली.

घरी आले, तर सासूबाई जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, पुढ्यात बादली उपडी. त्यांना अक्षरओळख नाही, ना हिंदी ना इंग्रजी. फाटक्या कडेला कड लावून चिकटपट्टीने एकेक तिकीट जोडत होत्या. सकाळपासून जेवल्याही नव्हत्या.

जोडलेला ढीग मी घाईघाईने चाळला. स्प्रिंग, झरना. झरा! मला रडूच कोसळलं.

"रडतेस काय?" सासूबाई चिकटपट्टी दातांनी तोडत म्हणाल्या. "आता एक जरी फाडलंस ना, हात मोडून ठेवीन."