होकारींच्या अॅम्पला जोडीदार

होकारींनी अॅम्पच्या आवाजाच्या बटणावर निळी चिकटपट्टी लावली, तेव्हाच मिनेको उसामीच्या कपाळाला आठी पडली.

बटण घड्याळातल्या दहाच्या जागी होतं आणि पट्टी अशी चापून बसवली होती, की ते केसभरही हलू नये. "आता कोणी हात लावायचा नाही," होकारी म्हणाले. "दोघांनाही सारखंच. नंतर कुरबुर नको."

कोएन्जीच्या नागरिक भवनातली दुसऱ्या मजल्यावरची ही खोली महिन्यातून एका रविवारी एक ते पाच भाड्याने घेतलेली असे. एरवी इथे हेडफोनवेडी दहा-बारा मंडळी आपापली पेटी उघडून बसत. आज मुद्दाम चौघंच होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होकारी बायकोसह लेकीकडे सेंदाईला राहायला निघाले होते आणि तिथल्या दोन खोल्यांत हेडफोनला जोर देणाऱ्या या चौदा किलोच्या अॅम्पला जागा नव्हती. वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी बांधलेला, काचेचे व्हॉल्व्ह मिणमिणणारा तो अॅम्प त्यांना विकायचा नव्हता, द्यायचा होता. ज्याच्या हेडफोनशी त्याचं जुळेल त्यालाच. मागणी दोघांनीच घातली होती: दाताचे डॉक्टर तादोकोरो आणि मिनेको. तिसऱ्या बान्दोबाई. त्या खोलीचं आरक्षण करत, चहा करत आणि स्वयंपाकघरातलं टिकटिक घड्याळ लावून प्रत्येकाची पाळी मोजत. मतं या तिघांची. उमेदवारांनीही मत द्यायचं, असं होकारींनीच ठरवलं होतं. "स्वतःच्या विरुद्ध मत द्यायची ज्याची तयारी नाही, त्याच्या घरी माझा अॅम्प नको," असं ते फोनवर म्हणाले होते. माझे कान आता वरच्या सुरांना दाद देत नाहीत, म्हणून मी मत देणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं होतं.

तादोकोरोंच्या घरी अकरा अॅम्प होते. मिनेकोकडे एकच, जेवणाच्या डब्याएवढा.

तिचा हेडफोन मात्र हट्टी होता. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या पगारातून तिने तो जुना घेतला, त्याला बावीस वर्षं झाली. सहाशे ओहमचा, म्हणजे विजेला फार अडवणारा. कुठल्याही अॅम्पला जोडा, रजईखालून कोणी गातंय असंच वाटे. तिने लोकांचे नऊ अॅम्प मागून आणले आणि नऊ परत केले. मग या मंडळाच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या एका पत्रकात तिला होकारींच्या अॅम्पच्या जोडणीचा नकाशा सापडला. सहा महिने ती संध्याकाळी गणितं करत होती. व्हॉल्व्हमधून निघालेला वीजदाब मध्ये काहीही न येता थेट हेडफोनला. सहाशे ओहमना नेमकं हेच हवं. कागदावर छत्तीसच्या छत्तीस गुण जुळत होते.

"होकारीसान, आतले व्हॉल्व्ह अजून तेच..." तिने आल्याआल्या विचारायला सुरुवात केली होती, पण बान्दोबाईंनी ओल्या रुमालांचं पाकीट मध्ये सरकवलं. "कान पुसून घ्या आधी. आणि झाकणाखाली काय आहे ते आपण विचारत नाही ना?"

विचारत नसत, हे खरं. आतल्या सामानाची यादी कळली की माणूस यादीच ऐकत बसतो, म्हणून मंडळाचा हा नियमच होता. मिनेकोला तो नियम एरवी पटतही असे.

पहिली फेरी सुरू झाली. तादोकोरोंनी आपला नवा कोरा हेडफोन बान्दोबाईंच्या डोक्यावर असा ठेवला, जणू मुकुट घालतायत. "तार चांदीची आहे," ते म्हणाले. "आधी तांब्याची होती, तेव्हा व्हायोलिन जरा कोरडं वाजायचं."

"तांब्याने व्हायोलिन कोरडं पडत नाही, डॉक्टर," मिनेको म्हणाली.

"तुमचं कधी पडलं नसेल. माझं पडायचं."

बान्दोबाईंनी डोळे मिटले. "किती जिवंत," त्या म्हणाल्या. मग मिनेकोचा हेडफोन घातला. त्याच्या उशा बोटांनी कानांवर दाबून पाहिल्या. "हा... नम्र आहे."

या खोलीत कोणी कशाला वाईट म्हणत नसे. 'नम्र' म्हणजे काय, ते सगळ्यांना कळे.

"तो मोठ्याने वाजतोय म्हणून जिवंत वाटतोय," मिनेको म्हणाली.

"छे हो," तादोकोरो म्हणाले. "मी मुळात हळू आवाजातच ऐकतो."

"तुम्ही कसं ऐकता त्याचा प्रश्नच नाही. बटण एका जागी बांधलं म्हणजे आवाज सारखा होत नाही. नळ दोघांसाठी सारखाच उघडलाय, पण डॉक्टरांची नळी रुंद आहे आणि माझी अरुंद. आणि जो मोठा वाजतो तो माणसाला चांगलाच वाटतो. बान्दोसानना वाटला, मलाही वाटेल. कान तसेच असतात."

"मी तीस वर्षं रेडिओच्या प्रक्षेपण केंद्रात काढली," होकारी संथपणे म्हणाले. "तिथे बटणाच्या खुणेवरच सगळं चालायचं."

"तिथे पलीकडे एकच यंत्र होतं. इथे दोन आहेत."

"पट्टी लावली ती न्यायासाठी."

"हो. पण तिनेच अन्याय होतोय."

बान्दोबाईंनी लगबगीने सगळ्यांचे पेले भरले. तादोकोरोंनी मिनेकोने आणलेली सफरचंदाची वडी तोंडात टाकली आणि वडीबद्दल फार चांगलं बोलले. मिनेकोला वाटलं, इथे माणसाने खरं बोलायला खाऊ आणावा, चहा प्यावा, तीनदा क्षमा मागावी आणि तरी शेवटी विषय सफरचंदाचाच निघावा.

तिने पिशवीतून आवाज मोजायचं यंत्र काढलं आणि मध्ये भोक पाडलेली पुठ्ठ्याची जाड चकती. चकतीवर हेडफोन, भोकात यंत्राचं टोक. आधी डॉक्टरांचा, मग स्वतःचा. होकारी मान तिरकी करून आकडे बघत होते.

"अकरा डेसिबलचा फरक आहे," ती म्हणाली.

"अकरा म्हणजे किती?" बान्दोबाईंनी विचारलं.

"म्हणजे मी शेजारच्या खोलीतून बोलतेय आणि डॉक्टर तुमच्या कानाशी बसलेत."

"डॉक्टर नेहमीच कानाशी बसतात," बान्दोबाई म्हणाल्या. "तोंड उघडायला लावून."

तिच्या गणिताप्रमाणे फरक सहाचा यायला हवा होता. वहीत तिने अकरा लिहिले आणि वैतागाच्या भरात वरचे पाच कुठून आले, हे स्वतःला विचारलंच नाही.

होकारींनी नखाने पट्टी सोलायला घेतली. वेळ लागला. कोणी मदत केली नाही, कारण मदत केली असती तर ते अधिकच दुखावले असते. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली. "लावा तुम्हाला हवं तसं," ते म्हणाले.

डॉक्टरांच्या हेडफोनला बटण दहावर पुरत होतं. मिनेकोच्या हेडफोनला तेवढाच आवाज यायला ते बारा, एक, दोन ओलांडून तीनच्याही पुढे न्यावं लागलं. तिने दोन्ही खुणा पेन्सिलीने केल्या आणि हात मागे घेतले.

दुसरी फेरी. बान्दोबाईंनी आपलं आवडतं गाणं लावलं. एक बाई आणि एक गिटार, बस. डॉक्टरांच्या हेडफोनवर त्यांनी ते अर्धंच ऐकलं. मिनेकोच्या हेडफोनवर टिकटिक घड्याळ वाजून गेलं तरी त्या उठेनात. शेवटी त्यांनी तो काढला, मांडीवर ठेवला. "हिच्या श्वासाला जागा आहे इथे," त्या म्हणाल्या. "माझं मत याला. मघाशी उगाच बोलले मी."

मिनेकोने हूं म्हटलं. हसू दिसू नये म्हणून तिने वहीचं पान उलटलं.

तादोकोरोंनी दोन्ही ऐकले. "मला आपला माझाच बरा वाटतो," ते म्हणाले. "कारण देता येणार नाही. सवय असेल."

"चांदी असेल," बान्दोबाई म्हणाल्या.

"तीही असेल."

एकास एक. राहिली मिनेको.

तिने पियानोचं एक ध्वनिमुद्रण आणलं होतं, ते लावलं आणि आपला हेडफोन घातला. पहिली चार मिनिटं तिला रडू फुटेल की काय, असं वाटलं. रजई गेली होती. पियानो आणि त्यामागची भिंत यांत किती अंतर आहे, तेही कळत होतं. पियानोच्या पट्टीवरून बोट उचललं गेल्याचा बारीक आवाज होता. बावीस वर्षं हे सगळं या तारांत होतं आणि तिला ऐकू आलं नव्हतं.

मग वादन चढत गेलं. डावा हात खाली उतरला, दोन्ही हातांचे भरघोस स्वर एकदम पडले आणि त्यांचा वरचा भाग कोणी रंधा मारावा तसा सपाट झाला.

तिने ते पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तिने डोळे उघडे ठेवले, बटणाकडे पाहिलं. तीनच्याही पुढे. अॅम्पची ताकद तिथे संपत होती. नकाशातल्या अॅम्पची संपली नसती. त्याला याच्या दुपटीपर्यंत धाप लागली नसती, हे तिने स्वतः तीनदा ताडून पाहिलं होतं.

डॉक्टरांचा हेडफोन तिने बटण दहावर आणून घातला. हळुवार भाग जरा थंड वाटला. पण ते स्वर पडले, उघडले, थांबले आणि आपल्या वेळेने विरले. अख्खे.

संताप कोणावर काढावा, हेच तिला कळेना. बान्दोबाईंच्या गाण्यात असा चढ नव्हता. डॉक्टरांना तो कळला नव्हता. पट्टी तशीच राहिली असती, तर तिचा हेडफोन हळू वाजला असता आणि हे स्वर कधीच फाटले नसते. न्याय हवा म्हणून तीच भांडली होती. आता "माझा" एवढंच म्हटलं की अॅम्प आजच गाडीने ओकायाला तिच्या घरी. वर्षातून कितीदा ती एवढं चढतं वादन ऐकणार होती?

"उसामीसान?" बान्दोबाई म्हणाल्या. "वेळ झाली."

"डॉक्टरांचा," मिनेको म्हणाली.

तादोकोरो गोंधळून म्हणाले, "माझा हेडफोन?"

"हो, तुमचाच. आता मला पुन्हा म्हणायला लावू नका."

"कारण?" होकारींनी विचारलं.

"चढत्या भागात माझ्या हेडफोनवर स्वरांची टोकं कापली जातात. दाब पुरत नाही. का पुरत नाही ते मला समजत नाही. तुमच्या नकाशावरून पुरायला हवा."

"कुठल्या नकाशावरून?"

"पत्रकातल्या."

होकारींनी चष्मा काढला. "तो जुना. सात वर्षांपूर्वी मी हेडफोनच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मर बसवले. ते दाब उतरवतात, प्रवाह वाढवतात. हल्ली सगळ्यांकडे डॉक्टरांसारखे कमी ओहमचे हेडफोन असतात, त्यांना तेच बरं."

म्हणजे वरचे पाच डेसिबल इथून आले होते. म्हणजे सहा महिन्यांची गणितं वाया.

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"तुम्ही विचारायचं होतंत."

"मी विचारतच होते. झाकणाखालचं विचारायचं नाही, हा नियम कोणाचा?"

होकारींनी जरा विचार केला. "माझाच," ते म्हणाले.

बान्दोबाईंनी मंडळाची वही पुढे ओढली. "पुढच्या महिन्यापासून विचारायला हरकत नाही, असं लिहू का?"

"नको. लोक वाटेल ते विचारतील."

"मग मी एकच विचारते आणि पुन्हा विचारणार नाही," मिनेको म्हणाली. "आधीच्या रचनेचं जे काढलंत, ते भाग कुठे आहेत?"

"ते होय? गेल्या वर्षी रद्दीच्या गाडीत दिले. सहा वर्षं खोक्यात पडून होते. कोणी मागितले नाहीत."

मिनेकोने टेबलावर दोन्ही हात टेकले. तिला ओरडायचं होतं, पण शेजारच्या खोलीत फुलांच्या मांडणीचा वर्ग चालू होता.

तादोकोरो अॅम्पच्या कडेला उभे होते, आनंद कुठे ठेवावा हे न कळल्यासारखे. "तुम्ही माझ्याकडे येऊन कधीही ऐकत जा," ते म्हणाले. "खरंच. बारा अॅम्प होतील आता."

"डॉक्टर, बाराचं नाव काढू नका."

"बरं."

"खोली पाचला सोडायची ना?" तिने बान्दोबाईंना विचारलं. अजून चाळीस मिनिटं होती. "मग तो हेडफोन द्या इकडे. पियानोचं शेवटचं पान माझं ऐकायचं राहिलंय."

तादोकोरोंनी तो दोन्ही हातांनी पुढे केला. तिने बान्दोबाईंच्या पाकिटातला रुमाल घेतला, कान पुसले, आणि घड्याळ लावू नका असं बजावून डोळे मिटले.